अंदाज कुठवर चालतो? पाऊस, भरती, भूकंप आणि केऑसविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात फोंडा असो, डिचोली असो की पेडणे, विज्ञानावर मराठीतून कुणी बोलायला उभं राहिलं की शेवटी येणारे प्रश्न ठरलेले असतात. 'हवामान खात्याला काही कळत नाही' इथून सुरुवात होते आणि 'आपल्याकडे भूकंप कधी होणार' इथे गाडी थांबते. मधे कुणीतरी फुलपाखराची गोष्ट काढतोच. ही सगळी माणसं खरं तर एकच गोष्ट विचारत असतात: निसर्गाबद्दल पुढचं किती सांगता येतं, आणि कुठे सांगता येत नाही? त्याची उत्तरं इथे एकत्र ठेवली आहेत. क्रम फार काटेकोर नाही.

अरेखीय, म्हणजे नॉनलिनिअर, म्हणतात ते नेमकं काय?

कारण दुप्पट केलं की परिणामही दुप्पट होतो, तेव्हा ती गोष्ट रेखीय. तसं होत नाही तेव्हा अरेखीय. व्याख्या एवढीच, पण ती जमिनीवर कशी दिसते ते पाहा. मिरगाच्या तोंडावर सत्तरीत चार इंच पाऊस पडला तर तापलेले सडे (कातळाची पठारं) आणि डोंगर बराचसा पिऊन टाकतात, वाळवंटी नदीचं पात्र जेमतेम ओलं होतं. तोच चार इंच पाऊस जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पडला, की जमीन आधीच तुडुंब असल्यामुळे बहुतेक पाणी ओहळांवाटे थेट नदीत उतरतं आणि साखळी शहराच्या बाजारातले दुकानदार माल वरच्या फळीवर चढवायला लागतात. पाऊस तेवढाच, पूर वेगळा. त्याच वेळी खाली मांडवी नदीत भरती चढत असेल तर पाण्याला उतरायला वाट राहत नाही. मग पाऊस आणि भरती यांचा एकत्र फटका दोघांच्या बेरजेपेक्षा मोठा बसतो.

जटिल प्रणाली म्हणजे खूप गुंतागुंतीची, असंच ना?

नाही. ट्रॉलरचं इंजिन गुंतागुंतीचं असतं, पण मेकॅनिक ते सुटं करतो, एकेक भाग समजून घेतो आणि परत जोडतो. मान्सूनचं तसं होत नाही. समुद्र तापला की ढग वाढतात, ढग वाढले की ऊन अडतं आणि समुद्र निवतो, वारा बदलला की खालचं थंड पाणी वर येतं, त्याने पुन्हा ढग बदलतात. प्रत्येक भाग दुसऱ्याला ढकलतो आणि त्याचा धक्का फिरून स्वतःपाशी येतो. या फिरून येण्याला फीडबॅक म्हणतात. सुटे भाग पाहून असल्या प्रणालीचा स्वभाव कळत नाही.

केऑसचा शोध योगायोगाने लागला म्हणतात, ते खरं का?

अर्धं खरं. (नियम ठरलेले असूनही फार पुढचं सांगता न येणं, त्याला केऑस म्हणतात; खुलासा खाली येतोच.) आंरी प्वांकारे या फ्रेंच गणितज्ञाला १८९० च्या सुमारासच दिसलं होतं की सूर्य, पृथ्वी आणि चंद्र अशा तीन पिंडांचं गणितसुद्धा हाताबाहेर जाऊ शकतं. पण संगणक नव्हता, त्यामुळे गोष्ट तिथेच राहिली.

१९६१ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात एडवर्ड लोरेन्झ हे हवामानशास्त्रज्ञ रॉयल मॅकबी नावाच्या संगणकावर एक लहानसं कृत्रिम हवामान चालवत होते. एक जुनी धाव, म्हणजे आधी चालवलेलं तेच गणित, पुन्हा तपासायची म्हणून त्यांनी छापील कागदावरचे आकडे मधूनच भरले. यंत्राच्या पोटात आकडा होता ०.५०६१२७, कागदावर छापलेला ०.५०६. फरक दहा हजारांत जेमतेम अडीच भाग. सुरुवातीला दोन्ही धावा एकमेकींवर बसत होत्या, मग हळूहळू फाटत गेल्या आणि पुढच्या काही 'महिन्यांत' दोन्ही हवामानांचा एकमेकांशी संबंध उरला नाही.

योगायोग इथे संपतो. दुसरा कुणी असता तर यंत्र बिघडलं म्हणून तंत्रज्ञाला बोलावून मोकळा झाला असता. लोरेन्झ यांनी समीकरणं कापत कापत तीनवर आणली आणि १९६३ मध्ये दाखवून दिलं की नियम पूर्ण ठरलेले असूनही, त्यांत नशिबाचा भाग जराही नसूनही, वाटचाल कधीच स्वतःची पुनरावृत्ती करत नाही. केऑस म्हणतात तो हा. म्हणून केऑस म्हणजे बेशिस्त असं समजू नका. लोरेन्झ यांची समीकरणं अतिशय शिस्तीची आहेत.

मग ब्राझीलमधल्या फुलपाखरामुळे टेक्ससमध्ये वादळ होतं का?

होत नाही, आणि लोरेन्झ यांनीही तसं म्हटलेलं नाही. १९७२ मधल्या त्यांच्या भाषणाचं शीर्षक अशाच प्रश्नाच्या रूपात होतं, आणि तेही परिषदेच्या आयोजकांपैकी एकाने सुचवलेलं. वादळाला ऊर्जा लागते आणि ती फुलपाखराच्या पंखांत नसते, तापलेल्या समुद्रात किंवा अस्थिर हवेत असते. मुद्दा इतकाच, की पंख हलले आणि न हलले अशी दोन जगं शेजारी ठेवली तर काही आठवड्यांनी त्यांची हवामानं वेगळी असतील. वेगळी म्हणजे वादळी असंही नाही. पंख हलल्याने एखादं वादळ टळूही शकतं. व्हॉट्सॲपवरच्या प्रेरणादायी संदेशांनी या बिचाऱ्या कीटकावर नको तेवढी जबाबदारी टाकली आहे.

हे सगळं ऐकायला ठीक. स्वतः पडताळून पाहता येईल का?

मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरतो. शून्य आणि एकच्या मधला कुठलाही आकडा घ्या. एकातून तो वजा करा. या दोघांचा गुणाकार करा आणि त्याला चारने गुणा. जे उत्तर येईल त्यावर पुन्हा हेच करा. नियम एका ओळीचा आहे.

०.३ पासून सुरुवात केली तर क्रमाने येतं: ०.८४०, ०.५३८, ०.९९४, ०.०२२, ०.०८८, ०.३२१, ०.८७२, ०.४४८.

आता ०.३०१ पासून: ०.८४२, ०.५३३, ०.९९६, ०.०१८, ०.०६९, ०.२५८, ०.७६५, ०.७१९.

पहिल्या चार-पाच पायऱ्यांत दोन्ही ओळी सख्ख्या बहिणी वाटतात. आठव्या पायरीला एक निम्म्याच्या खाली आहे, दुसरी पाऊणजवळ. सुरुवातीचा फरक हजारात एक होता. (उत्तर पुढच्या पायरीत भरताना तीनच दशांश घेतलेत तर तुमचे आकडे थोडे वेगळे येतील. लोरेन्झ यांच्या कागदावर झालं ते हेच.)

हा नियम रॉबर्ट मे यांच्या १९७६ च्या एका लेखामुळे प्रसिद्ध झाला. ते प्राण्यांच्या संख्येचा विचार करत होते: यंदा किती आहेत त्यावर पुढच्या वर्षी किती असतील ते ठरतं. चारच्या जागी २.८ घातलंत तर संख्या एका आकड्यावर स्थिरावते. ३.२ घातलंत तर एक वर्ष जास्त, एक वर्ष कमी अशी झुलत राहते. ३.५ ला चार वर्षांचं चक्र बनतं आणि ३.५७ च्या आसपास चक्रच मोडतं. नियम तोच, फक्त एक आकडा सरकला.

तारले (सार्डिन मासे) एखाद्या वर्षी ढीगभर आणि पुढे काही वर्षं गायब, त्याचं कारण हेच का?

मोह होतो, पण तसं थेट म्हणता येत नाही. तारल्यांची संख्या समुद्राचं तापमान, खालून वर येणारं पाणी, प्लवकांचा (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचा) हंगाम आणि मासेमारी या सगळ्यांवर ठरते. एका ओळीच्या नियमातून एक धडा मात्र घ्यावा: संख्या जोरात वर-खाली झाली म्हणजे बाहेरून काहीतरी मोठं घडलंच असेल, असं गृहीत धरू नये. आतल्या आत, स्वतःच्याच गतीनेही ती तशी नाचू शकते.

दोन आठवड्यांपलीकडे हवामान सांगता येत नाही म्हणता, मग एप्रिलमध्ये आख्ख्या मान्सूनचा अंदाज कसा देतात?

हा सगळ्यांत चांगला प्रश्न, आणि तो विचारणाऱ्याला बहुतेक वेळा वाटत असतं की त्याने वक्त्याला पकडलं.

अमुक तारखेला पणजीत पाऊस पडेल का, हा वातावरणाच्या तपशिलाचा प्रश्न आहे. वातावरण चटकन विसरतं. सुरुवातीची चूक काही दिवसांत दुप्पट होत जाते आणि साधारण दोन आठवड्यांत सगळं झाकून टाकते. समुद्र मात्र सावकाश चालतो. प्रशांत महासागराचा विषुववृत्तीय भाग तापला की तो महिनोन्‌महिने तापलेला राहतो आणि वरच्या हवेला एका बाजूला कलतं ठेवतो. ज्युल चार्नी आणि जगदीश शुक्ल या हवामानशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये हेच मांडलं: उष्ण कटिबंधात हंगामाची सरासरी बऱ्याच अंशी खालच्या समुद्रावर आणि जमिनीवर ठरते, म्हणून रोजचं हवामान सांगता येत नसतानाही हंगामाचा कल सांगता येऊ शकतो. शुक्ल हे उत्तर प्रदेशातल्या बलिया जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले, हे जाता जाता.

म्हणजे एप्रिलचा अंदाज चार महिन्यांच्या, देशभरच्या बेरजेचा असतो. तुमच्या पुतण्याच्या लग्नाची तारीख त्यातून काढू नका. देशाची दीर्घकालीन सरासरी ८७ सेंटीमीटर धरतात आणि गोव्यात त्याच्या तिपटीहून अधिक पडतो. देशात 'सरासरीइतका' पाऊस झाला त्या वर्षी काणकोणात काय झालं, हे त्या एका आकड्यात सापडणार नाही.

एल निनो आला की दुष्काळ, हे तर पक्कं ना?

पक्कं असतं तर हा विषयच उरला नसता. १९९७ चा एल निनो, म्हणजे प्रशांत महासागराचं वर सांगितलेलं तापणं, विसाव्या शतकातल्या सर्वांत जोरदार एल निनोंपैकी एक होता. सगळे धास्तावले होते. भारतात पाऊस झाला सरासरीच्या १०२ टक्के. पाच वर्षांनी, २००२ मध्ये, एल निनो त्या मानाने मध्यम होता. अंदाज १०१ टक्क्यांचा दिला गेला आणि पडला ८१ टक्के. एकट्या जुलै महिन्यात निम्मा पाऊस गेला.

प्रशांत महासागराचा आणि आपल्या पावसाचा संबंध आहे, याचा माग ब्रिटिश काळात भारतीय वेधशाळांचे प्रमुख असलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनीच काढला. पण समीकरणात तो एकटा नाही. हिंदी महासागराचा स्वतःचा झोका आहे. पश्चिम भाग तापलेला आणि पूर्व भाग थंड, की पावसाला बहुधा मदत होते. या द्विध्रुवाचं वर्णन १९९९ मध्ये एन. एच. साजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. २०१९ मध्ये जूनमध्ये पाऊस जवळजवळ एक तृतीयांश कमी पडला आणि तरी हंगाम ११० टक्क्यांवर संपला, त्या वर्षी हा द्विध्रुव जोरात होता. शिवाय तीस ते साठ दिवसांची एक लहर विषुववृत्तावरून पूर्वेकडे फिरत असते आणि पावसाच्या झडी व उघडीप यांच्यात तिचा हात असतो. दोन-तीन लहरी एकमेकींवर कशा पडतात यावर वर्ष ठरतं, आणि तिथे आजही अंदाज घसरतात.

'पावसाची शक्यता ६० टक्के' म्हणजे पळवाट नव्हे काय?

उलट, त्यात प्रामाणिकपणा आहे. सुरुवात नेमकी माहीत नसते हे लोरेन्झ यांच्यापासून ठाऊक आहे, म्हणून संगणकावर एकच हवामान न चालवता सुरुवात किंचित बदलून पन्नासेक हवामानं चालवतात. तीसमध्ये पाऊस आला तर ६० टक्के. इंग्लंडमधल्या रेडिंगच्या युरोपीय हवामान-केंद्राने १९९२ पासून हे नेमाने करायला घेतलं, आपल्याकडेही आता असे गट-अंदाज होतात. पन्नास धावा एकत्र राहिल्या तर त्या दिवसाचं हवामान सरळ आहे. पाचव्याच दिवशी फाटल्या तर हवा नाजूक अवस्थेत आहे. ही दुसरी माहिती मला तर पहिलीपेक्षा मोलाची वाटते, आणि बातम्यांत नेमकी तीच गळते.

इशाऱ्यांच्या रंगांबद्दलही एक सांगतो. चोवीस तासांत पाऊस ६४.५ मिमीच्या वर गेला की हवामान खात्याच्या भाषेत 'जोरदार', ११५.६ पासून 'अति जोरदार', २०४.४ च्या वर 'अत्यंत जोरदार'. ऑरेंज अलर्ट म्हणजे तयारीत राहा. तो दिला आणि तुमच्या वाड्यावर ऊन पडलं, तर इशारा चुकला असं लगेच ठरत नाही. दहा किलोमीटरवर ढग फुटलेला असू शकतो.

तौक्ते चक्रीवादळ इतक्या झपाट्याने कसं वाढलं?

१६ मे २०२१ रोजी ते आपल्या किनाऱ्याजवळून गेलं आणि दुसऱ्या दिवशी रात्री सौराष्ट्रात जमिनीवर चढलं, तोवर ते कितीतरी बलवान झालं होतं. चक्रीवादळात फीडबॅक उघडपणे दिसतो: वारा वाढला की बाष्पीभवन वाढतं, बाष्प वर जाऊन द्रवलं की उष्णता सुटते, त्याने मध्यावरचा दाब आणखी उतरतो आणि वारा पुन्हा वाढतो. वाटेत समुद्र तापलेला असला की हे चक्र धावत सुटतं. वादळाचा मार्ग अलीकडे बऱ्यापैकी सांगता येतो, कारण तो भोवतालच्या मोठ्या वाऱ्यांवर ठरतो. जोर किती वाढेल ते आतल्या ढगांवर ठरतं, म्हणून तो अंदाज अजून मागे आहे.

भरतीचं वेळापत्रक वर्षभर आधी छापता येतं, मग पावसाचं का नाही?

कारण भरती चंद्र-सूर्यावर चालते आणि त्यांची गती घड्याळासारखी ठरलेली आहे. मुख्य लहर १२ तास २५ मिनिटांची, तिच्या जोडीला सूर्याची बारा तासांची आणि साधारण दिवसभराच्या काही. त्या सगळ्यांची बेरीज केली की मुरगाव बंदरातली पाणीपातळी महिनोन्‌महिने आधी मिळते. ही जवळपास रेखीय गोष्ट आहे. सगळा निसर्ग अरेखीय आहे असं जे हल्ली ऐकू येतं, ते अतिउत्साहाचं आहे.

दुसरं उदाहरण दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या कामातलं. गोव्याच्या किनाऱ्यालगतचा प्रवाह आपल्याच वाऱ्याने ठरत असेल असं वाटतं. पण सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून दिसलं, की बंगालच्या उपसागरातल्या वाऱ्यांनी उठलेल्या लहरी किनारा धरून श्रीलंकेला वळसा घालतात आणि आपल्याकडे येऊन प्रवाहाला हात लावतात. दूरचं जवळ येतं, आणि तरीही गणित बरंचसं रेखीय.

ग्रहांची गतीसुद्धा कायमची ठरलेली नाही, हे मात्र नोंदवून ठेवतो. जाक लास्कार यांनी १९८९ मध्ये दाखवलं की सूर्यमालाही केऑटिक आहे. दहा कोटी वर्षांनी पृथ्वी कक्षेत नेमकी कुठे असेल ते सांगता येणार नाही. पावसाला दोन आठवडे, पृथ्वीला काही कोटी वर्षं. मुदत प्रत्येकाची वेगळी.

भरती मांडवीत आत शिरल्यावर काय होतं?

इथे गंमत आहे. घर्षणामुळे भरती वर जाता जाता विरत जावी अशी अपेक्षा. पण मांडवीचं पात्र वर जाताना अरुंद होत जातं, त्यामुळे पाणी कोंडून लाट उंचावू पाहते. घर्षण खाली ओढतं, कोंडी वर ढकलते आणि सुमारे चाळीस किलोमीटरपर्यंत दोघांची बरोबरी होते. उधाणाच्या दिवसांत तोंडाशी जी दोनेक मीटरची चढउतार दिसते, जवळपास तेवढीच आतही. त्यापुढे, गांजेच्या दिशेने, दहाएक किलोमीटरांत ती झपकन संपते. शिवाय उथळ पाण्यात लाटेचा माथा पायथ्यापेक्षा वेगाने धावतो, म्हणून वर गेल्यावर चढण्याची आणि उतरण्याची वेळ सारखी राहत नाही. सहा तासांच्या आसपासची नवीच लहर जन्मते. समुद्रात रेखीय असलेली भरती नदीत शिरली की अरेखीय होते.

खाजन जमिनींचा या शास्त्राशी काय संबंध?

खाजनं, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतं, भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत आणि बांध व मानशी (पाणी अडवणारे दरवाजे) यांच्या जोरावर टिकून आहेत. मानशीची दारं भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. माणूस न लावता चालणारा हा उंबरठा आपल्या पूर्वजांनी लाकडात घडवला.

बांधाचं गणित मात्र कठोर आहे. खेकड्याच्या बिळातून आधी थेंबभर पाणी झिरपतं. त्याने माती थोडी वाहते, भोक थोडं रुंदावतं, पाणी अधिक येतं. एका मर्यादेपर्यंत हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण रोज चिखल लावून ते बुजवता येतं. मर्यादा ओलांडली की एका उधाणात बांध जातो. मग खारं पाणी शेतात बसतं, चिपी आणि इतर कांदळवन उगवतं, आणि बांध पुन्हा बांधला तरी शेत लगेच परत येत नाही. जाण्याची वाट आणि परतीची वाट वेगळी असणं, याला शास्त्रात हिस्टेरेसिस म्हणतात. 'नंतर बघू' म्हणणाऱ्यांनी तो शब्द पाठ करावा.

गोव्याची किनारपट्टी नेमकी किती किलोमीटर? प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा दिसतो.

कारण एकच बरोबर आकडा नाही. लहान पट्टीने मोजाल तर प्रत्येक खाचखळगा मोजला जाईल आणि लांबी वाढेल. बेन्वा मांडेलब्रॉट यांनी १९६७ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्याबद्दल हाच प्रश्न विचारला आणि त्यातून पुढे फ्रॅक्टलची, म्हणजे कितीही जवळून पाहिलं तरी तसाच खडबडीत दिसणाऱ्या आकाराची, कल्पना आली. भारताचा किनारा वर्षानुवर्षं ७,५१६.६ किलोमीटर म्हणून शिकवला गेला; अलीकडे अधिक बारीक नकाशावर मोजला तेव्हा ११,०९८.८ भरला. गोव्याचा १६०.५ वरून १९३.९५ झाला. एक इंचही जमीन वाढलेली नाही. पर्यटनाच्या माहितीपत्रकांतला शंभरेक किलोमीटरचा आकडा आणखी ठोकळ पट्टीचा.

एका जहाजाने आख्खा किनारा बदलू शकतो?

कांदोळीकरांना विचारा. २००० च्या जूनमध्ये रिव्हर प्रिन्सेस हे जहाज कांदोळी-शिकेरीजवळ रुतलं आणि दहाहून अधिक वर्षं तिथेच होतं. जहाजाच्या आडोशाला लाटा मंदावल्या, तिथे वाळू साचली. साचलेल्या वाळूने लाटा आणखी वळवल्या आणि शेजारचा किनारा झिजत गेला. एरवी आपले किनारे पावसाळ्यात वाळू गमावतात आणि नंतरच्या महिन्यांत परत मिळवतात. हा झोका सुरळीत चालायला वाट मोकळी लागते.

पोहणाऱ्यांसाठी याच जातीची आणखी एक गोष्ट, आणि ती जिवाशी संबंधित आहे. लाटांनी किनाऱ्याकडे ढकललेलं पाणी वाळूच्या दांड्यातल्या सखल जागेतून परत फिरतं. परतणारा प्रवाह ती जागा आणखी खोल करतो, खोल झाल्याने आणखी पाणी तिकडे वळतं. वरून ती जागा शांत दिसते, कारण तिथे लाटा फुटत नाहीत, आणि नवखे नेमके तिथेच उतरतात. ओढले गेलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहा. ओढ अरुंद असते.

पावसाळ्याच्या शेवटी समुद्राच्या तळाशी प्राणवायू संपतो म्हणतात. ही अफवा आहे का?

नाही. कांदोळीसमोर अठ्ठावीस-एक मीटर खोलीच्या एका ठिकाणी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संशोधक १९९७ पासून पुन्हा पुन्हा पाणी तपासत आले आहेत. नैर्ऋत्य मान्सूनच्या काळात खालचं थंड, प्राणवायू कमी असलेलं पाणी किनाऱ्याकडे चढतं. वरती पाऊस आणि नद्यांचं गोड पाणी हलक्या थरासारखं पसरलेलं असल्याने हवा खाली मिसळत नाही. तळाचे जिवाणू आधी प्राणवायू वापरतात. तो संपला की नायट्रेट. तेही संपलं की सल्फेट, आणि मग सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हे टोक गाठलं जातं. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये यातून निघणाऱ्या नायट्रस ऑक्साइडबद्दल लिहिलं, जो कार्बन डाय-ऑक्साइडहून कितीतरी जहाल हरितगृह वायू आहे. इथे उंबरठे एकामागून एक आहेत: नायट्रेट शिल्लक असेपर्यंत एक समुद्र, संपल्यावर दुसरा.

भूकंप कधी होणार हे सांगता येतं का?

नाही. तारीख, वेळ, ठिकाण सांगणारा संदेश आला तर पुढे न पाठवता खोडून टाका.

कारण थोडं खोलात सांगण्यासारखं आहे. लहान भूकंप खूप, मोठे थोडे, आणि हे प्रमाण विलक्षण नियमित: तीव्रता एकाने वाढली की संख्या सुमारे दहापट घटते, ऊर्जा मात्र बत्तीसपट वाढते. पेर बाक, चाओ तांग आणि कर्ट वीसेनफेल्ड यांनी १९८७ मध्ये सुचवलं की काही प्रणाली आपणहून कायम काठावर येऊन बसतात. मग पुढची घसरण छोटी होईल की मोठी, हे सुरुवातीच्या क्षणी ठरलेलं नसतं. मोठा भूकंप हा बहुधा न थांबलेला छोटा भूकंप. म्हणूनच आधीपासून वेगळी खूण शोधणं अवघड. कॅलिफोर्नियातल्या पार्कफील्डला नियमित अंतराने भूकंप येत म्हणून १९९३ पूर्वी पुढचा येईल असं शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, उपकरणं लावून बसले. तो आला २००४ मध्ये.

कोयनेचं उदाहरण आपल्या जवळचं. धरणात १९६२ पासून पाणी साठू लागलं आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. पाण्याने ती सगळी ऊर्जा निर्माण केली नाही. खडकातला ताण आधीच होता. पाण्याचा भार आणि भेगांत शिरलेल्या पाण्याचा दाब एवढं निमित्त पुरलं. तरीही कोयनेसारख्या ठिकाणी कोणत्या भागात धोका अधिक आहे आणि इमारत कशी बांधावी, हे सांगता येतं. तारखेपेक्षा ते जास्त उपयोगी आहे.

टिपिंग पॉइंट ही नुसती भीती घालण्याची भाषा आहे का?

कधी कधी तशी वापरली जाते, हे कबूल. पण हळूहळू ढकलत नेलं की एका काठावर प्रणाली एकदम दुसऱ्या अवस्थेत कलंडते, ही कल्पना जुनी आणि भक्कम आहे. हेन्री स्टोमेल यांनी १९६१ मध्ये समुद्राचे फक्त दोन डबे कल्पून दाखवलं की उष्णता आणि मीठ यांच्या ओढाताणीत प्रवाहाच्या दोन स्थिर अवस्था संभवतात आणि एकीतून दुसरीत उडी पडू शकते. सहारा काही हजार वर्षांपूर्वी हिरवा होता. हिमयुगं सुमारे दहा लाख वर्षांपूर्वीपर्यंत साधारण ४१ हजार वर्षांच्या ठेक्यावर येत, मग ठेका लाखाच्या आसपास गेला. सूर्यप्रकाशाचं चक्र मात्र तेवढं बदललं नव्हतं. जॉर्जो पारीझी यांना २०२१ चं भौतिकीचं नोबेल जटिल प्रणालींवरच्या कामासाठी मिळालं, स्युकुरो मानाबे आणि क्लाउस हासेलमान या हवामान-शास्त्रज्ञांसोबत.

वास्कोच्या हेडलँड सड्यावरच्या ध्रुवीय संशोधन केंद्रात अंटार्क्टिकातून आणलेले बर्फाचे दंडगोल उणे वीस अंशांत ठेवलेले असतात. बाहेर आंबे पिकत असतात आणि आत जुन्या काळातल्या हवेचे बुडबुडे. ध्रुवांवर मिळालेल्या अशाच बर्फातून गेल्या आठ लाख वर्षांची हवा कळली आहे. त्यात कार्बन डाय-ऑक्साइड दशलक्षात १८० ते ३०० भागांच्या मधे हिंदकळत राहिला; आज तो ४२० च्या वर आहे. उंबरठा नेमका कुठे आहे ते सांगणं कठीण, पण तो नाही असं या नोंदीतून निघत नाही.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली. केऑस संपला?

संपत नाही. २०२३ पासून आलेली ग्राफकास्टसारखी मॉडेलं दहा दिवसांचा अंदाज मिनिटाभरात देतात आणि काही बाबतींत जुन्या पद्धतीला मागे टाकतात. वेग वाढला, खर्च घटला, थोडी मुदतही पदरात पडली. सुरुवातीच्या मोजमापातली चूक मात्र त्यांच्याही हातात तशीच येते.

मुलीला यात शिकायचं आहे. गोव्यात सोय आहे का?

आहे, आणि तिच्यासाठी घर सोडायची सक्ती नाही. ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात भूशास्त्र आणि सागरी विज्ञान शिकवतात. दोनापावल आणि वास्को इथल्या दोन राष्ट्रीय संस्था हाकेच्या अंतरावर आहेत. पुढे मान्सूनकडेच वळायचं असेल तर पुण्याची उष्णकटिबंधीय हवामानविज्ञान संस्था आहे. बारावीनंतर गणित सोडू देऊ नका. विकलक समीकरणं (डिफरन्शियल इक्वेशन्स), थोडं संख्याशास्त्र आणि पायथनसारखी एक संगणकभाषा एवढी शिदोरी असली की बाकी वाटेत जमतं. भूशास्त्रात गणित लागत नाही असं कुणी सांगितलं असेल, तर त्यांचा सल्ला तीस वर्षं जुना आहे.